पैठणी समजा

"गरम होत नाहीये," डॉ. वझे म्हणाल्या.

काचेच्या नळीत ती पट्टी उभी होती, पोस्टकार्डाएवढी, काळपट. खालून हायड्रोजन मिसळलेली हवा तिला लागून वर जात होती. शेजारच्या तापमापकाचा आकडा सकाळी नऊला एकोणतीस होता आणि सव्वादहाला, बराच विचार करून, एकोणतीसच होता. खोलीचंही तापमान एकोणतीस. म्हणजे परदेशातून आणलेली ती प्लॅटिनमची पट्टी आणि खिडकीत ठेवलेला माझा जेवणाचा डबा, यांत विज्ञानाच्या दृष्टीनं काही फरक उरला नव्हता.

हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. मी खिशातली लवंग काढली आणि दाताखाली धरली.

लवंगा आमच्या सौभाग्यवतींनी दिल्या होत्या. माझी आधीची दोन प्रमोशनं दोन विनोदांनी खाल्ली होती. पहिल्यांदा मुख्यालयातून आलेल्या बड्या साहेबांनी विचारलं, "इथे धूम्रपानबंदी पाळली जाते ना?" मी म्हणालो, "हो साहेब. बंदीही आणि धूम्रपानही." दुसऱ्यांदा सुरक्षा सप्ताहाच्या घोषवाक्य स्पर्धेत मी लिहून दिलं, 'वर्षातले सात दिवस सावध राहा'. तिसरी आणि शेवटची मुलाखत येत्या सोमवारी तीन वाजता होती, आणि हा शुक्रवार होता. सकाळी सुलभानं लवंगांची पुडी माझ्या खिशात कोंबली.

"विनोद सुचला की लवंग चावायची. सोमवारपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"आणि जेवताना?"

"ही घ्या पहिली," ती म्हणाली.

केंद्राचं नाव सांगत नाही. कोकण किनाऱ्यावर आहे, समुद्राचं पाणी पितं आणि वीज देतं, एवढं पुरे. त्या वेळी अणुभट्टी तीन महिन्यांपासून रंगरंगोटी आणि डागडुजीसाठी बंद होती. ती पुन्हा सुरू करायची तर डॉ. चारुलता वझे यांची सही हवी होती. त्या नियामक मंडळाच्या निरीक्षक. बारीक चणीच्या, सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. आवाज इतका मऊ, की आपण बरबाद झालोय हे ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळावं.

त्यांच्यासमोर आमचे रिसबूड साहेब घामानं डबडबले होते. देखभाल विभागाचे प्रमुख आणि सोमवारच्या मुलाखतीच्या टेबलापलीकडचे एक गृहस्थ.

"सिलिंडर रिकामा असेल," रिसबूड म्हणाले.

"भरलेला आहे," मी म्हणालो.

"नळीत गळती असेल."

"नाही साहेब."

"रेडकर, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"

याची माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. तिन्हींवर एक लवंग चावली.

आता ही पट्टी म्हणजे काय, ते सांगायला हवं. भट्टीतल्या इंधनाला पाणी कमी पडलं, तर त्याभोवतीचा धातू तापून लाल होतो आणि वाफेतून हायड्रोजन सुटतो. सुटला की तो छताशी जाऊन जमतो. शंभरात चार भाग झाला की एक ठिणगी पुरते, आणि आणखी वाढला तर इमारतीला छत असण्याची गरज उरत नाही. म्हणून इमारतीत भिंतीभिंतीवर लोखंडी पेट्या टांगलेल्या असतात, खालून-वरून उघड्या. आत या पट्ट्या. हायड्रोजन आला, की पट्टीच्या अंगावर त्याची आणि प्राणवायूची गाठ पडते, त्यांचं पाणी होतं. बटण नाही, वायर नाही, माणूस नाही. लग्न लागतं तेव्हा पट्टी गरम होते, तापलेली हवा वर जाते आणि खालून पुढची वरात आत येते.

आमच्याकडे या पेट्यांना 'मंगल कार्यालय' म्हणत. प्लॅटिनम म्हणजे भटजी. दोघांचं लावून देतो, स्वतः होता तसाच राहतो. हे नाव कोणी पाडलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

भटजी त्या दिवशी मंत्र म्हणायला तयार नव्हते.

"दुसरी लावा," डॉ. वझे म्हणाल्या.

चाळीस पट्ट्यांमधून त्यांनी स्वतःच्या हातानं तीन निवडल्या होत्या. दुसरी लावली. वीस मिनिटं. एकोणतीस. तिसरी लावली. मध्येच आकडा तीस झाला आणि रिसबूड साहेब खुर्चीतून उठले, तेवढ्यात लक्षात आलं की बाहेर ऊन चढलं होतं.

डॉ. वझेंनी तिसरी पट्टी चिमट्यानं उचलली, नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले. असं निरीक्षण मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. निरीक्षक कागद पाहतात. या वास घेत होत्या.

"रिसबूड साहेब," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "ही पट्टी कोणाच्या लग्नाला गेली होती का?"

"मॅडम?"

"माझ्या आईच्या ट्रंकेचा वास येतोय."

रिसबूडांनी वास घेतला. मी घेतला. माझ्या तोंडात लवंग होती तरी मला तो आला.

डांबराच्या गोळ्या.

"या पट्ट्या कुठे होत्या?" डॉ. वझेंनी विचारलं.

त्याचं उत्तर कागदावर होतं. इमारतीत रंगकाम चालू असताना पट्ट्या आत ठेवायच्या नाहीत, कारण रंगाची वाफ त्यांच्यावर बसते आणि मग त्या मरतात. म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी स्वतः चाळीसच्या चाळीस काढून स्टोअरमध्ये बापूंच्या ताब्यात दिल्या होत्या. खाली माझी सही, बापूंची सही.

"बोलवा त्यांना," डॉ. वझे म्हणाल्या.

बापू तिरोडकर आमचे स्टोअरकीपर. सदतीस वर्षांत त्यांच्या हातून एक वॉशर हरवला नव्हता. महिनाअखेरीला, म्हणजे बुधवारी, ते निवृत्त होणार होते. कँटीनमध्ये मांडव बांधायला सुरुवात झाली होती. बापूंनी नवा शर्ट शिवून घेतला होता आणि भाषण पाठ करत होते. ते भाषण आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं, बापू मात्र दुसऱ्या परिच्छेदात अडकत.

ते आले. ताठ, खिशाला दोन पेनं, हातात चाव्यांचा जुडगा.

"तिरोडकर," रिसबूड म्हणाले, "या पट्ट्या तुम्ही कशा ठेवल्या होत्या?"

बापूंचा चेहरा उजळला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना हा प्रश्न विचारत होतं. वस्तू हरवली कशी, हे सगळे विचारतात. ठेवली कशी, हे कोण विचारतं?

"एकदम फर्स्ट क्लास!" ते म्हणाले. "एकेक पट्टी मलमलच्या कापडात गुंडाळली. घरून धुतलेलं मलमल आणलं. मग ट्रंकेत. प्रत्येक थराला चार चार डांबरगोळ्या. दर शनिवारी बदलत होतो. विरघळतात ना त्या. झुरळ सोडा मॅडम, झुरळाचा वास पण नाही यायचा!"

"खरं आहे," डॉ. वझे म्हणाल्या. "दुसऱ्या कशाचाच येत नाहीये."

बापू हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

"तिरोडकर, डांबरगोळी विरघळते म्हणजे कुठे जाते?"

"हवेत जाते."

"आणि हवेतून?"

बापूंनी ट्रंकेचा विचार केला. मग पट्टीकडे पाहिलं. चाव्यांचा आवाज थांबला.

"या पेट्या चाळीस वर्षं काहीच करत नाहीत," डॉ. वझे सांगू लागल्या. आवाज तसाच मऊ. "एखाद्याच दिवशी करतात. तो दिवस बहुधा येतच नाही, म्हणून त्या मेल्या तरी कोणाला कळत नाही. तो दिवस आला असता, तर पट्टी जागी व्हायला उशीर झाला असता. किंवा झालीच नसती. वर छताशी हायड्रोजन आणि खाली तुमची डांबरगोळी."

बापूंनी चाव्या खिशात घातल्या, पुन्हा काढल्या.

रिसबूडांना मात्र सुटकेचा रस्ता दिसला होता. "मॅडम, अहवालात स्पष्ट लिहा. स्टोअरचा निष्काळजीपणा. आम्ही आजच चौकशी लावतो."

चौकशी म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चौकशी लागलेल्या माणसाला निरोप समारंभ नसतो. त्याचे कागद अडकतात आणि सर्व्हिस बुकात लाल शाईचा शेरा बसतो. कँटीनमधला मांडव बुधवारी तसाच सोडवावा लागला असता.

"निष्काळजीपणा?" डॉ. वझे म्हणाल्या. "इतक्या काळजीनं वस्तू मारलेली मी पहिल्यांदा बघतेय." त्यांनी कागद उलटला. "तुमच्या लेखी सूचनेत फक्त 'स्वच्छ व कोरड्या जागी ठेवाव्यात' असं आहे. मलमल नाही, गोळ्या नाहीत. तिरोडकर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर एक कावळा बसला होता, त्याच्याकडे पाहत म्हणाले, "माका कोणी सांगूक नाय. माझ्याच मनान मियां केलंय."

बापू साहेबांशी कधीच मालवणीत बोलत नसत. ते खोटं बोलताना मालवणीत शिरतात, हे मला त्या दिवशी कळलं. सदतीस वर्षांत पहिलंच असावं, कारण अजिबात जमलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वीची ती दुपार मला लख्ख आठवत होती. मी पट्ट्यांचं खोकं काउंटरवर ठेवलं होतं आणि घाईत होतो.

"रेडकरा, ह्यांका ठेवूचा कसा?" बापूंनी विचारलं होतं.

आणि मी, सही करता करता, मान वर न करता म्हणालो होतो, "बापू, वहिनींची पैठणी समजा आणि ठेवा."

बापू हसले नव्हते. ते माझ्या विनोदांना कधीच हसत नसत, ते ऐकून घेत. त्यांनी मान डोलावली होती आणि वहीत काहीतरी टिपलं होतं.

आता मी तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम होतं. बायकोनं सांगितलेलं, बापूंनी सोपं करून दिलेलं. सोमवारी तीन वाजता मुलाखत, समोर रिसबूड. मी एक लवंग चावली. विनोद सुचला नव्हता, तरी चावली. मग दुसरी. मग पुडीतल्या राहिलेल्या सगळ्या तोंडात टाकल्या, नऊ-दहा असाव्यात, आणि उभा राहिलो.

"मॅदम," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा प्रयत्न केला.

"मॅदम, ते मी थांगितलं."

लवंगेनं जीभ बधिर होते, हे दातांच्या डॉक्टरांना माहीत असतं. सुलभालाही माहीत असावं. मला नव्हतं.

"काय?" रिसबूड म्हणाले.

"पैथणी थमजा, अथं मी थांगितलं. बापूंची चूक नाही. माझी थगळी चूक."

डॉ. वझेंनी ओठ घट्ट मिटले. "कोण थमजा?"

"पैथणी!"

आयुष्यात पहिल्यांदा मी जबाबदार अधिकाऱ्यांसमोर एक गंभीर वाक्य बोलत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा रिसबूड साहेब माझ्या बोलण्याला हसले. आधी नाकातून आवाज आला, मग खुर्ची करकरली. डॉ. वझेंनी पदर तोंडाला लावला. बापूंनी माझ्याकडे घाबरून पाहिलं.

"रेडकराक झटको इलो काय? पाणी देवा रे त्याका!"

"झतका नाही," मी ओरडलो. "लवंग!"

त्यावर डॉ. वझेंना चष्मा काढून पुसावा लागला. पाणी आलं, मी चूळ भरली. हळूहळू जिभेवर व्यंजनं परतली आणि मी सगळं सांगितलं. बापूंनी विचारलेला प्रश्न, माझं उत्तर, वहीतली टीप. डॉ. वझेंनी वही मागवली. त्यात बापूंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्लॅटिनम पट्टी नग ४०. श्री. रेडकर यांच्या तोंडी सूचनेनुसार पैठणीप्रमाणे ठेवणे.' खाली तारीख, वेळ आणि शिक्का.

"बापू," मी म्हणालो, "वहीत माझं नाव असताना तुम्ही 'कोणी नाही' असं म्हणालात?"

"वही तिनी मागूक नव्हती," बापू पुटपुटले. मग, आणखी हळू, "तुझी मुलाखत आसा ना सोमवारी?"

डॉ. वझेंनी वही मिटली. "या केंद्रात सूचना पाळणारा एक तरी माणूस आहे," त्या म्हणाल्या. "वाईट एवढंच, की तो चुकीची सूचना पाळतो. आता रडणं-हसणं पुरे. या पट्ट्या वाचतात का, ते बघू. डांबरगोळी तापवली की उडते. तीनशे अंशांपर्यंत जाणारी भट्टी कुठे आहे?"

अणुऊर्जा केंद्रात भट्टी शोधत फिरणारी माणसं मी तेव्हाच पाहिली. शेवटी वेल्डिंग विभागात एक ओव्हन सापडला. वेल्डिंगचे रॉड त्यात भाजून कोरडे करतात. तिथले फोरमन जुवांव परेरा ओव्हनच्या दारासमोर हात पसरून उभे होते.

"मॅडम, आत्ता नको. आत रॉड आहेत."

डॉ. वझेंनी पुन्हा डोळे मिटून श्वास घेतला.

"मीठ लावलेले?"

परेरांनी दार उघडलं. आत दोन ट्रे काजू होते, सोनेरी, अगदी उतरवण्याच्या बेतात. ते आम्ही चौघांनी उभ्या उभ्या संपवले. डॉ. वझेंनीही घेतले, पण आधी, "हे अहवालात येणार नाही. ओव्हन मात्र आज दिवसभर रिकामा तापवायचा. डांबरगोळी घालवून काजू चढवायचे नाहीत मला," असं सांगून.

शनिवारी ओव्हन रिकामा तापला. रविवारी पट्ट्या आत गेल्या. बापू सुट्टी असून आले आणि ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले, नातवाला ताप आल्यासारखे. दर अर्ध्या तासानं उठून आकडा वाचत आणि वहीत लिहीत. मी शेजारी बसलो होतो. माझ्या खिशात नवी पुडी होती, पण बोलण्यासारखं काही नव्हतं.

तसा घरी शुक्रवारीच तपास झाला होता.

"बोललात ना?" सुलभानं दारातच विचारलं होतं.

"बोललो."

"कोणावर?"

"माझ्यावर."

"मग हरकत नाही," ती म्हणाली आणि पानं घेतली.

सोमवारी सकाळी नऊला डॉ. वझेंनी पुन्हा चाळीसांतून तीन निवडल्या. पहिली नळीत उभी राहिली. गॅस सोडला. एकोणतीस. रिसबूड साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एकोणतीस. परेरांनी क्रूसाची खूण केली.

तीस.

"ऊन चढलंय," मी म्हणालो.

"पडदे ओढलेत," डॉ. वझे म्हणाल्या.

बत्तीस. छत्तीस. एक्केचाळीस. मग आकडा थांबेचना, शाळा सुटल्यासारखा धावत सुटला. काचेच्या नळीवर आत, वरच्या बाजूला, धुकं धरलं. धुक्याचा थेंब झाला. थेंब काचेवरून हळूच खाली घसरला.

"ह्या काय?" बापूंनी मला विचारलं.

"पाणी," डॉ. वझे म्हणाल्या. "लागलं तुमचं लग्न."

आणि बापू तिरोडकरांनी, सदतीस वर्षं एक शब्द जास्तीचा न बोललेल्या माणसानं, दोन्ही हात जोडून खणखणीत आवाजात म्हटलं, "शुभमंगल... सावधान!"

परेरांनी खिशातून काजू काढले आणि अक्षतांसारखे टाकले. एक रिसबूडांच्या टकलावर बसला. साहेबांनी तो काढला, निरखून पाहिला आणि खाल्ला. उरलेल्या दोन पट्ट्याही तापल्या. डॉ. वझेंनी सही केली.

त्याच दिवशी तीन वाजता माझी मुलाखत झाली. रिसबूडांनी विचारलं, "रेडकर, कामाच्या ठिकाणी तुम्ही विनोद करता का?" मी अत्यंत गंभीरपणे, बधिर नसलेल्या जिभेनं म्हणालो, "नाही साहेब." टेबलापलीकडचे पाचही जण इतके हसले, की पुढचा प्रश्न विचारता आला नाही. तिसरं प्रमोशन असं गेलं, विनोद न करता.

अहवालाचं पान मात्र मी जपून ठेवलं आहे. त्यात बापूंच्या नावापुढे 'दोष नाही' असं आहे. माझ्या नावापुढे आहे, 'यांची तोंडी सूचना कर्मचारी अक्षरशः पाळतात. लेखी सूचनांच्या बाबतीत असे आढळले नाही. तरी यांना लेखी सूचना तयार करणाऱ्या विभागात घ्यावे.' घेतलं. त्याच पगारावर, खिडकी नसलेल्या खोलीत.

बुधवारी कँटीनमध्ये बापूंचा निरोप समारंभ झाला. नवा शर्ट, नारळ, शाल. भाषण दुसऱ्या परिच्छेदात अडकलं तेव्हा पुढचं वाक्य आम्ही दीडशे जणांनी एका सुरात सांगितलं. मग वहिनींना मंचावर बोलावून आमच्या सगळ्यांतर्फे भेट दिली. जांभळी पैठणी, मोराच्या पदराची. वहिनींनी ती उघडून पाहिली आणि डोळे टिपले.

बापूंनी साडीची घडी हातात घेतली. माइकसमोरून हलले नाहीत. गर्दीत त्यांनी मला शोधलं आणि अत्यंत गांभीर्यानं, स्टोअरच्या काउंटरवर विचारत तसं, विचारलं,

"रेडकरा, हिका ठेवूचा कसा?"

कँटीनमध्ये भांडी पडल्यासारखा हशा झाला. बापू हसत नव्हते. ते सूचनेची वाट पाहत होते. मला चार उत्तरं सुचली, चारही उत्तम होती. मी लवंग काढून हातात घेतली.

"थांबा बापू," मी म्हणालो, "या वेळी लेखी देतो."

ते मी दुसऱ्या दिवशी लिहिलं. नव्या खोलीतलं माझं पहिलं काम. आजही त्या केंद्राच्या नियमावलीत ते कलम सात पोटकलम तीन म्हणून आहे. दर पाच वर्षांनी समिती बसते, प्रत्येक शब्दावर चर्चा होते, बाकी बरंच बदलतं, हे राहतं. दूरदूरच्या राज्यांतून आलेले तरुण इंजिनीयर ते वाचून पैठणी म्हणजे काय असं विचारतात, आणि मग कोणीतरी त्यांना सगळी गोष्ट सांगतं. असं ऐकतो.

'७.३. पट्ट्या हवाबंद धातूच्या डब्यात ठेवाव्यात. डब्यात डांबरगोळ्या, कापूर, अत्तर किंवा अन्य कोणताही वासाचा पदार्थ घालू नये. पट्ट्यांना पैठणी समजू नये.'

जन्मभर केलेल्या विनोदांपैकी खात्यानं छापलेला हा एवढा एकच. आणि तो लिहिताना मी अजिबात विनोद करत नव्हतो.